मावशींनी अडवलेला अंगठा

माझी पेन्शन वाचली ती मेसवाल्या मावशींमुळे, हे आधीच सांगतो. त्यांचं माहेर डिंगोऱ्याचं, लग्न करून दिलेल्या इथल्या लोणीत. मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सुटलेला. इथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्याच्या गोण्या उचलतो. दुपारचं जेवण मावशी आणतात.

नोकरीला नऊ वर्षं दोन महिने झाले होते. दहा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. मोबाइलवर रोज करून बघायचो. आकडा तेराशेच्या आतच यायचा, तरी जीव त्यातच गुंतलेला.

एका दुपारी ठेकेदाराने ऑफिसात बोलावलं. ठेका आता त्याच्या मेव्हण्याच्या नावावर जाणार होता. जुन्यांनी राजीनामा द्यायचा, फंड-पेन्शनचे पैसे काढून घ्यायचे आणि नव्याने लागायचं. सात जणांनी सह्या केल्याही होत्या. पण पैसे काढले की मागची वर्षं पुसली जातात. मी म्हणालो, मला दहा महिने द्या.

"पावणं, घरजावई व्हायचंय व्हय?" म्हणत त्याने कानाखाली मारली. मी उठलो तसं त्याच्या माणसाने मानगूट धरून माझं डोकं लोखंडी कपाटावर आदळलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. सही करत नाही म्हटल्यावर पोटात गुडघा घातला, बोटं उलटी पिरगाळली आणि माझा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

तेवढ्यात मावशी आमटीचं पातेलं घेऊन आत आल्या. त्यांनी टेबलावरचा कागद ओढून सरळ आमटीत बुडवला. त्या माणसाने त्यांना दारावर ढकललं. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"असल्याच कागदावर मी अंगठा दिला व्हता," त्या खाली बसूनच म्हणाल्या, "म्हनून या वयात भाकरी थापते. ह्याला न्हाई देऊ द्यायची."

गोंगाट ऐकून सगळे कामगार धावत आले. मावशींनी पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा मेव्हण्याने माझं जुनंच खातं पुढे चालू ठेवलं. सात जणांनीही आपापले कागद परत घेतले.

गेल्या महिन्यात माझी दहा वर्षं भरली. अठ्ठावन्नला अजून अठरा वर्षं आहेत. तोवर मावशी असतील का, ही धास्ती जात नाही. म्हणून त्यांचं ऋण फेडायला पेन्शनची वाट बघणार नाही. म्हातारपणासाठी महिन्याला जे बाजूला टाकतो, त्यातला अर्धा वाटा या महिन्यापासून त्यांचा. मावशी, नको म्हणालात तरी आणून देणार.