हरकत फक्त खिडकीला

इंग्लंडात रीडिंगजवळ घर घेतल्यावर वर्षाच्या आत मी आमच्या गल्लीच्या रेसिडेन्ट्स असोसिएशनचा सेक्रेटरी झालो. यात कर्तृत्व काही नव्हतं. पुण्यात सोसायटीच्या कमिटीवर सहा वर्षं काढलेला माणूस जगात कुठेही सेक्रेटरी होऊ शकतो. सभेचं इतिवृत्त मी दुसऱ्याच दिवशी टाइप करून घरोघरी टाकत असे. इंग्रजांना याचं अप्रूप वाटलं. आधीच्या सेक्रेटरीने चार वर्षांत एकच कागद काढला होता, तो राजीनाम्याचा.

त्या उन्हाळ्यात दिव्याच्या खांबावर कौन्सिलची पिवळी नोटीस लागली. आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या बस ड्रायव्हरने मागच्या बाजूला एक खोली आणि बाथरूम बांधायची परवानगी मागितली होती. तो बार्बाडोसचा, तीस वर्षं इथेच बस चालवून निवृत्तीला आलेला. गल्लीत गोरं नसलेलं घर आमच्याखेरीज तेवढंच. त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, जिना चढवत नव्हता. खाली खोली झाली तर ती घरी येणार, नाहीतर केअर होममध्येच राहणार. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो स्वतः दारोदार जाऊन सांगून आला होता.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात सभा भरली. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, बिस्किटं स्वतः फिरवणारे. त्या सभेत त्या माणसाविरुद्ध कोणी एक वाईट शब्द बोललं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. प्रत्येकाने आधी तो किती सज्जन आहे ते सांगितलं आणि मग ‘पण’ म्हटलं. एका बाईंच्या मते, एक खोली वाढली की नातेवाईक येतात. एका गृहस्थांना संगीताची काळजी होती. संगीत अजून कोणी ऐकलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की कौन्सिल हरकत घेऊ देतं ती बांधकामावर, माणसांवर नाही. उजेड, पार्किंग, खाजगीपणा, परिसराचं स्वरूप, यात बसेल तेच चालतं. म्हणजे दहा जणांच्या पोटातलं कोणीतरी उजेड-पार्किंगच्या भाषेत आणायचं होतं. पुण्यात मी बॅचलर भाडेकरूंना ‘पाण्याच्या टाकीवर ताण’ या सदराखाली बाहेर काढलेलं होतं, त्यामुळे हे काम मला जड गेलं नाही. दोन पानी पत्र झालं. नातेवाईक पार्किंगमध्ये बसले, संगीत परिसराच्या स्वरूपात. उजेडाखाली अध्यक्षांच्या बागेवर पडणारी सावली घातली. नव्या खोलीची खिडकी अध्यक्षांच्या कुंपणाकडे होती, तिला एक अख्खा परिच्छेद दिला. अध्यक्षांनी सही केली आणि मला म्हणाले की तुम्ही इथे किती छान मिसळून गेलात.

बायकोने पत्र वाचलं. “अहो, आपण आलो तेव्हा यांनी आपल्यावर सभा घेतली असेल का?”

आपण काही बांधलं नव्हतं, असं मी म्हटलं.

“ते नाही. तेव्हा त्यांच्याकडे लिहिणारा नव्हता,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी तो आमच्या दारात उभा राहिला. एका हातात आमचं पत्र, कारण कौन्सिल हरकती सगळ्यांना बघू देतं. दुसऱ्या हातात माझं इतिवृत्त. ते मी नेहमीप्रमाणे प्रत्येक घरात टाकलं होतं, त्याच्याही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मसुदा सेक्रेटरींनी करावा असे ठरले. ज्याला सभेला बोलावलं नाही त्याला इतिवृत्त पाठवणं हे पुण्याच्या सेक्रेटरीनेच करावं.

मी आत बोलावलं. तो आला, पण बसला नाही.

“पत्र चांगलंय,” तो म्हणाला. “यात भोकं कुठे आहेत ते तुम्हालाच ठाऊक असणार. उत्तर तुम्हीच लिहा.”

भोकं मला ठाऊक होती. अध्यक्षांचं घर त्याच्या दक्षिणेला. इंग्लंडात सूर्य दक्षिणेकडूनच जातो, तेव्हा त्या खोलीची सावली त्यांच्यावर पडणं शक्यच नव्हतं. हे मला पत्र लिहितानाही माहीत होतं. त्याच्याकडे गाडी एक, अध्यक्षांकडे तीन. उत्तराला पत्रापेक्षा कमी वेळ लागला.

कौन्सिलच्या कमिटीपुढे दोघांना तीन-तीन मिनिटं मिळाली. अध्यक्षांनी माझं पत्र वाचलं, त्याने माझं उत्तर. मी मागच्या रांगेत बसून दोघांनाही मान डोलावली. एका कौन्सिलर बाईंनी दोन्ही बाजूंच्या मुद्देसूद मांडणीचं कौतुक केलं. परवानगी मिळाली. अट एकच, त्या खिडकीला दुधी काच हवी आणि ती उघडता कामा नये.

बाहेर मी त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, हरकत आली नसती तर हे प्रकरण कमिटीपुढे आलंच नसतं, एका अधिकाऱ्याने ऑगस्टातच सही केली असती. आता त्याचा बिल्डर दुसऱ्या कामावर गेला होता आणि जानेवारीच्या आत येणार नव्हता. कौन्सिलचा हा नियम मी वाचला नव्हता. केअर होममधला हिवाळा माझ्या दोन पानांत कुठल्याच मुद्द्याखाली आला नव्हता.

एप्रिलमध्ये म्हातारी घरी आली. मी केक घेऊन गेलो. पलंग खिडकीला लागून होता. उजेड भरपूर येत होता, दिसत काहीच नव्हतं. तिने विचारलं, पलीकडे काय आहे? मी म्हटलं, कुंपण, आणि त्यामागे सफरचंदाचं झाड.

“फुललंय का?”

मी बाहेर जाऊन बघून आलो. अजून नाही, म्हटलं.

“मग परवा या,” ती म्हणाली.

मोहोर गळेपर्यंत मी आठवड्यातून दोनदा जाऊन सांगत होतो. मुलगा स्वयंपाकघरातून ऐकत असे. त्याने मला एकदाही चहा विचारला नाही.