बसलात की संपलात

“बसलात की संपलात!” आमचे मास्तर हे सगळ्यांना सांगायचे. चहाही ते येरझाऱ्या घालत प्यायचे. मासळी निवडणाऱ्या माझ्या आईलाही त्यांनी एकदा हेच ऐकवलं. आई म्हणाली, “आमी बसूनच मावरा निवडताव. मंग आमी सपलाव काय?” मास्तर हसले, पण उभ्यानंच.

तुम्ही खाडीकाठी सकाळी बूट घालून पळता ना, तिथली ही गोष्ट. तेव्हा नवी मुंबई नव्हती. आमचं करावे गाव, मिठागरं, बांध आणि चिखल, एवढंच होतं. मी तरणा होतो. शिक्षण चौथी, पण चिखलात माझ्यापुढे कोणी जात नसे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

मास्तर मुंबईच्या एका कॉलेजात लांब पल्ल्याचं धावणं शिकवायचे. पाय घट्ट व्हावेत म्हणून शनिवारी मचव्यानं आठ पोरं घेऊन यायचे, देवळात झोपायचे आणि रविवारी पहाटे पोरांना चिखलात उतरवायचे.

पहिला रविवार अमावास्येचा होता. सहाला चिखल उघडा. दुसऱ्या रविवारी सहालाच आले, तर पोरांना वाट दाखवायला त्यांनी रोवलेल्या झेंड्यांच्या जागी कमरेएवढं पाणी. मास्तर घड्याळ दाखवून माझ्याशीच भांडायला लागले. “मागच्या रविवारी इथं चिखल होता!”

“आज अष्टमी हाय, मास्तर. खाडीला तुमचा घड्याल वाचता येत नाय.”

त्यानंतर मास्तरांनी तिथी विचारल्याशिवाय मचव्यात पाय ठेवला नाही. खिशात पंचांग बाळगू लागले. कॉलेजात म्हणे त्यांना भटजी म्हणत.

तीन वर्षं ते आले. मी मासळीची पाटी घेऊन पुढे पळायचो, पोरं मागे धडपडायची. मास्तर ओरडायचे, “टाच टेकू नका! त्या खाडीवाल्याकडे बघा!” माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

न बसण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी गिरणीच्या संघातून अनवाणी धावायचे. मोठ्या निवडीच्या शर्यतीत पहिले होते. शेवटच्या वळणावर पोटरीत गोळा आला, म्हणून पाण्याच्या पिंपाशी टेकले. “घोटभर पाण्यापुरता बसलो रे. उठेपर्यंत तिघं गेले.” निवड दोघांचीच होती.

चौथ्या वर्षी मास्तर मधल्याच वारी एकटे आले. माझी होडी किनाऱ्यावर पालथी होती. तिच्यावर ते चक्क बसले. मला भीतीच वाटली.

“काय झाला, मास्तर?”

“रविवारच्या कॉलेजांच्या शर्यतीत चषक आला नाही तर माझी जागा बंद करणार आहेत. आणि संघात पहिला येणाऱ्या पोराला कावीळ झालीय.” बोटं गुडघ्यावर नाचत होती. “रविवारी तू धाव. त्याच्या नावानं. चेहरा कोण बघतंय?”

मी जाळं खाली ठेवलं. “धावीन. पन माझे नावानं.”

“तुझं नाव कॉलेजात नाही.”

“मंग नाय धावायचो.”

मास्तर ताडकन उठले. “बरोबर बोललास. तुझ्याकडे यायलाच नको होतं.” आणि बांधावर टाचेनं रेघ ओढली. “पूर्ण नाव सांग. बापाचं, आडनाव, सगळं.”

मी सांगितलं. त्यांनी ते पोरांच्या वेळा लिहायच्या वहीत लिहिलं, घड्याळ काढलं. “त्या पलीकडच्या उघाडीपर्यंत आणि परत. तुझ्या नावानं.”

बांधातल्या त्या पाणी सोडायच्या दारापर्यंत मी असा धावलो की तसा पुन्हा कधी धावलो नाही. रेघेवर आलो तेव्हा मास्तर घड्याळाकडे बघत जागच्या जागी पाय उचलत होते. त्यांनी वेळ लिहिली. मी विचारली नाही, त्यांनी सांगितली नाही. पाठीवर थाप मारली आणि मचव्याकडे निघाले. जवळजवळ पळतच.

रविवारी त्यांची पोरं हरली. हे मचव्याच्या तांडेलाकडून कळलं. जागा गेली, हेही. मी हो म्हणालो असतो तर? म्हणालो नसतो. आजही म्हणणार नाही. पण हा प्रश्न काही मला सोडत नाही.

पुढच्या अमावास्येला सहाच्या आधीच मी बांधावर गेलो. मचवा आला. त्यातून भाजीवाल्या उतरल्या. चिखल उघडा पडला, वाळला, त्यावर पुन्हा पाणी चढलं. आई पाटी घेऊन जाताना म्हणाली, “कवाचा उबा हायस. बस रं जरा.”

मी बसलो नाही.