दोन फाटकांमधली गाडी

पिसिगाच्या सरहद्दीवर गाडीचे कागद करायचे तर फोर्तुनाताकडे जायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझी भावजय आहे म्हणून म्हणत नाही; तिचं माझं कधी फारसं पटलंही नाही. पण बाई कामाला वाघ. खाली चिलीच्या इकिके बंदरात जपानच्या जुन्या गाड्या उतरतात. उजवीकडचं स्टिअरिंग तिथेच काढून डावीकडे बसवतात आणि माझा भाऊ सेवेरो त्या चालवत वर पठारावर आणतो. फाटकाशी फोर्तुनाता उभीच. चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर उठला की जकातीच्या रांगेत शिरायचं, मग नंबरप्लेट, मग काचेवर विम्याचा स्टिकर. साहेबांशी गोड बोलेल, पण रांगेत घुसणाऱ्याची बिनपाण्याने करेल.

"वन्सं," ती मला सांगायची, "चिलीचा विमा त्यांच्या फाटकाशी संपतो. आपला सुरू होतो प्लेट लागल्यावर. मधल्या रस्त्यावर गाडी कुणाचीच नसते. तेवढ्यात काही होऊ नये, इतकंच मी मागते."

नेमकं तिथेच झालं. दोन फाटकांमधल्या वाळूत सेवेरोच्या हातून एक पांढरी गाडी घसरली आणि गिरकी घेऊन खड्ड्यात गेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण घरी आला तो नुसता भिंतीकडे बघत बसला. भरवलं तर गिळायचा, हाक मारली तर मान वळवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. ठीक कसलं, डोंबल. माणूस दचकला की त्याचा अहायु, म्हणजे जीवच म्हणा ना, दचकल्या जागी राहून जातो. मग तिथे जायचं, त्याचं कापड हलवायचं आणि नाव घेऊन त्याला घरी बोलवायचं. उशीर झाला तर माणूस वाळत वाळत संपतो. माझा मामा असाच गेला.

मी फोर्तुनाताला म्हटलं, "ऊठ, त्या खड्ड्याशी जाऊ."

"कशाला? घाबरले ते गाडीत. गाडी आपल्या अंगणात उभी आहे."

खरंच उभी होती. अपघाताची गाडी नको म्हणून गिऱ्हाईक पळालं, तेव्हा हिने ती स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

"अगं, जागेवरून बोलवायचं असतं."

"गाडीबरोबर सगळं येतं, वन्सं. विमासुद्धा गाडीचा असतो, बसणाऱ्याचा नसतो. कागद झाले, आता ती इथलीच. माझं रोजचं काम आहे हे."

जन्मभर गाड्या इकडच्या तिकडे केल्या की डोकंही तसंच चालायला लागतं. तिन्हीसांजेला तिने चारी चाकांवर दारू शिंपडली, कोकाची पानं ठेवली आणि सीटवर सेवेरोची टोपी. मी आत भावापाशी बसले होते. अंगणातून तिचा आवाज येत होता, "सेवेरो, ये. घरी चल. सूप गरम आहे." मी तिला असं मऊ बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आणि भाऊ उठून बसला. मला रडूच फुटलं. फोर्तुनाताने धावत येऊन त्याच्या हातात सूप दिलं. त्याने वाडगं दोन्ही हातांत धरलं, मान किंचित झुकवली आणि म्हणाला, "आभारी आहे."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने बायकोला चांगला शब्द ऐकवला नव्हता.

पुढे रोज तेच. बूट दारात काढून, टोकं बाहेर करून, नीट जोडीने ठेवायचा. अंगण झाडायचा. तिने काही सांगितलं की शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. फोर्तुनाता कामावरून लवकर येऊ लागली, केसांना रंगीत गोंडे बांधू लागली. आणि सकाळी तो गाडीत जाऊन बसायचा. उजव्या दाराने आत शिरायचा, समोर स्टिअरिंग नसताना दोन्ही हात पुढे धरायचा. पाय खाली काहीतरी चाचपत असायचे. मग हात सावकाश वळायचे, जणू रस्त्याला वळण आलंय. मी ते पाहिलं आणि तडक आत फोर्तुनाताकडे गेले.

"हा सेवेरो नाही," मी तिला म्हटलं.

ती बटाटे सोलत होती. "माहितीय मला. हे गाडीबरोबर आलेत, जपानहून. मी विचारलं त्यांना, कसे आलात. म्हणाले, कुणीतरी बोलावलं. इतकी वर्षं कुणी बोलावलंच नव्हतं."

"आणि माझा भाऊ? तो तिथे वाळूत पडलाय. हे अंग बघ त्याचं, मनगटं कशी झालीत. असाच वाळून मरेल तो."

"जाईन मी. उद्या जाते."

तिचं उद्या काही उजाडेना. शेवटी मीच भावाचा पांघरायचा लोकरी पोंचो उचलला आणि गेले. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, कुठे? भावाला आणायला, म्हटलं. तो इथलाच, समजून बाजूला झाला. खड्ड्याशी पोंचो हलवून मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. वाऱ्याशिवाय काही नाही. परत फिरले. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. पण आपलं फाटक ओलांडताना पाठीमागे कुणीतरी खोकलं. तंबाखूचा तो खोकला मी लहानपणापासून ऐकत आलेय.

घरी दोघं जेवायला बसले होते. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग वाडगं खाली ठेवलं, उठला आणि फोर्तुनातापुढे कमरेत वाकला. वाकलेलं अंग तसंच बाकावर कोसळलं. मी धावले. अंगणात गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला.

"हे दार कुणी उघडं टाकलंय?" माझा भाऊ डोळे उघडून खेकसला. "थंडी शिरतेय सगळी."

मी त्याला मिठी मारून ढसाढसा रडले. फोर्तुनाता नवं वाडगं काढून सूप वाढत होती. सेवेरोने हात पुढे केला. ती वाडगं घेऊन त्याच्यासमोरून अंगणात गेली, गाडीच्या उजव्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "इतक्या घाईने कुठे निघालात? जेवून तरी जा."