पाण्याचं सोनं करणारा राजा

नेकनूरचा उत्तरेश्वर सोनार चांदीचे देवाचे टाक घडवायचा. हात असा, की खंडोबाच्या घोड्याची नाकपुडीसुद्धा फुललेली दिसायची. माणूस अबोल, पण पोटात एक निखारा त्यानं पंचवीस वर्षं विझू दिला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात गावात एकट्या सोसायटीच्या विहिरीला पाणी होतं. त्याची माय बायनाबाई घागर घेऊन गेली, तर चेअरमन अर्जुनरावांनी लाथ घालून घागर फोडली. "सभासद न्हाई, त्याला पाणी न्हाई!" माय दुसरी घागर घेऊन भर उन्हात कोरड्या नदीत झिरा उकरायला गेली आणि तिथंच कोसळली. उत्तरेश्वरनं तिला बाजेवर घालून घरी आणली, ती मेलेलीच.

पुढं अर्जुनराव साखर कारखान्याचे चेअरमन झाले. कारखान्याच्या रौप्यमहोत्सवात जुन्या कामगारांना सोन्याची नाणी द्यायचं ठरलं.

"नातवंडांना दाखवता येईल असं पाहिजे," ते उत्तरेश्वरला म्हणाले. "दर नाण्यावर एक जुनी गोष्ट काढ." घागरीची आठवण त्यांच्या गावीही नव्हती.

चार गोष्टींचे ठसे त्यानं सरळ कोरले. पाचवी गोष्ट, हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या राजाची. पेल्यातलं पाणीही सोन्याचं झालेलं, राजा तहानेनं व्याकूळ. त्या राजाला त्यानं अर्जुनरावांचं पोपटनाक दिलं, तुटकी भुवई दिली. पायाशी एक बाई कोरली आणि फुटकी घागर.

समारंभात नाणी वाटून झाली. राजाचं एक छबुबाईला मिळालं. कारखान्यात झाडलोट करून तिचा जन्म गेला होता. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं.

"अगं बया, हे तर आपलं चेअरमन! आन ही बायनाबाईची घागर!"

मांडवात आधी कुजबुज, मग हसू. अर्जुनरावांनी तिच्या हातातलं नाणं हिसकावलं. चेहरा राखेसारखा झाला.

"नाण्यावरची ही बाई कोण बे?"

"गोष्टीत न्हाई ती," उत्तरेश्वर उभा राहून म्हणाला. "माझी माय हाय. तुमी पाणी दिलं न्हाई, मी तुमाला सोनं दिलं."

बाकीची नाणी परत मागवली, एकानंही दिलं नाही. आठवडाभरात चकलांब्यापर्यंत पोरं अर्जुनरावांना 'तान्हेला राजा' म्हणायला लागली. पुढच्या निवडणुकीत त्यांनी अर्जच भरला नाही.

उत्तरेश्वरची कामं तुटली. चेअरमनच्या माणसांच्या भीतीनं गिऱ्हाईक फिरकेना. बायको भामाबाई चिडून म्हणाली, "काय मिळालं तुमाला?"

"लई मिळालं," तो म्हणाला. "अजून एक ठसा कोरायला पाहिजे होता, मायच्या भरल्या घागरीचा."