कोरडं विमान

दुपारी क्लासमधून बाहेर पडत होतो आणि मोबाइलवर विनायकचं नाव दिसलं. तो काही बोलायच्या आत मीच सुरू झालो, "चुकलं बाबा माझं. ह्या रविवारी नक्की वरूडला येतो." पलीकडून त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा आवाज आला. "भाऊ, ते गेले. आत्ताच, बागेत. बसल्या जागी." अमरावतीच्या भर रस्त्यात उभा राहून मी त्यांना दोनदा विचारलं, "कोण गेलं?" आज पाच आठवडे झाले, अजून मला ते नीट कळलेलं नाही.

विनायक आणि मी वरूडच्या शाळेत एका बाकावर. पुढे मी अमरावतीत भौतिकशास्त्र शिकवू लागलो, त्यानं घरची संत्र्याची बाग धरली. आठवीत असताना एका जुन्या मासिकात आम्ही चित्र पाहिलं होतं : पाणबुडी, आणि तिच्या पाठीवरच्या खोलीतून बाहेर येणारं चिमुकलं विमान. मी हसलो. "बुडनाऱ्या जहाजात इमान काहून ठेवलं बे?" तो हसला नाही. "वर बी येते ना थे," एवढंच म्हणाला. त्या चित्रानं त्याला जन्मभर सोडलं नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्रज, फ्रेंच, जपानी आरमारांनी हा खटाटोप केला होता. पंख मिटलेलं विमान बंद खोलीत ठेवायचं, पाण्यावर यायचं, दार उघडायचं, पंख उलगडून उडवायचं. त्यातली एक इंग्रजी पाणबुडी सरावाला गेली ती वर आलीच नाही. शोधायला उतरलेल्यांना ती तळाशी सापडली, विमानाच्या खोलीचं दार उघडं. हे सांगताना विनायक दर वेळी थांबायचा. "दार जरा लवकर उघडलं असन गा... घाई केली पोरायनं."

तशीच पाणबुडी त्यानं स्वतः करायला घेतली, बागेतल्या शेततळ्यासाठी. प्लास्टिकचा पाइप, दाराला मोटरसायकलच्या ट्यूबची रबरी कड, आत पातळ पत्र्याचं विमान. कितीतरी वर्षं ती बुडायची, वर यायची, आणि विमान भिजलेलंच निघायचं. लोक विचारायचे, "इनायकभाऊ, समुद्र कधी आनता वरूडले?" त्याला ते लागायचं. शेवटी त्यानं दाखवणंच बंद केलं. सांगायचा तो फक्त मला.

त्याचा शेवटचा फोन अजून कानात आहे. "जमलं गा! आधी वर आली, मंग दार उघडलं. इमान कोरडं हाय, कोरडं! तू ये. तुले दाखवल्याबिगर मी कोनालेच दाखवत नाई." मी म्हणालो, उद्याच येतो. मग एक जादा तास निघाला, मग घरी पाहुणे, मग आणखी काही... बारा दिवस गेले. साधा ताप कधी न आलेला माणूस. बारा दिवसांत काय होणार होतं?

तेरावं झाल्यावर वहिनी मला शेततळ्यावर घेऊन गेल्या. रिमोट त्यांच्याच हातात होता. कुठलं बटण कशाचं, त्याला रोज बघून बघून त्यांना सगळं ठाऊक. पाणबुडी खाली गेली, दिसेनाशी झाली. मग वर आली, पाठीवरचं पाणी निथळलं आणि दार उघडलं. मी बोट घालून पाहिलं. कोरडं होतं. 

काठावर कडुनिंबाच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पाण्याकडे तोंड करून.

"रोज सकाळी दोन्ही मांडत," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, भाऊ येतीन तवा आना ना दुसरी. तं म्हने, थो येईन तवा उभा राहीन काय?"

त्यांनी पदरानं एक खुर्ची पुसली. "बसा भाऊ."

मला बसता आलं नाही.