मामाचा निळा

माझा मामा गॅरेजमध्ये रंग जुळवायचा. रंग मारायला दुसरी माणसं होती. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसवला की त्याचा रंग उरलेल्या गाडीशी तंतोतंत जमावा लागतो, आणि वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही. मामा थेंब थेंब टाकून ढवळायचा, पत्र्याच्या तुकड्यावर फासून उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "बसला." बसलेलाच असायचा.

अशा माणसाबरोबर कुठे जायचं म्हणजे शिक्षा असते. दवाखान्यात गेला तर समोरासमोरच्या दोन भिंतींचे पांढरे वेगळे आहेत, हे आधी सांगायचा, दुखणं नंतर. माझ्या नव्या सोफ्याकडे बघून त्याने फक्त "असू दे" म्हटलं होतं. तो सोफा मी विकून टाकला.

मग गाड्या परत यायला लागल्या. करड्या गाडीला निळसर दरवाजा, पांढरीला निळसर बॉनेट. मामाने आधी उन्हाला दोष दिला, मग थिनरला, मग डब्याला आणि शेवटी गाडीच्या मालकाला. गॅरेजचा मालक सज्जन माणूस. तो म्हणाला, "मोतीबिंदू असेल, सगळ्यांना होतो. डोळे तपासून या, नाहीतर काउंटरवर बसून पावत्या फाडा." मामा यातलं काहीच न करता रजा टाकून घरी येऊन बसला.

"तपासायला गेलो आणि खरंच काही निघालं, तर मी कोण गं?" असं तो मामीला म्हणाला होता. मामीने हे मला स्वयंपाकघरात नळ सोडून सांगितलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मला रडू आलं. रडण्यात वेळ न घालवता मी तिघांची समुद्रावरची सहल ठरवली.

तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि डोळ्यांवरच्या काचेतून खाली बघायचं, एवढंच काम. किनाऱ्यावर "मी मेले तरी उतरणार नाही" म्हणणारी मामी सगळ्यात आधी उतरली. मी खाली बघितलं आणि नळीतूनच ओरडले. पिवळे चपटे मासे एकदम वळत होते, जणू कुणी आतून हुकूम सोडतंय. एका धिप्पाड माशाला पोपटासारखी चोच होती. तो खडक कुरतडत होता आणि त्याची करकर थेट कानात येत होती. आणि निळा तर इतका, की आपण आजवर निळा म्हणून काय बघत होतो असं वाटावं. आनंदाने मी अर्धा समुद्र प्यायले.

होडीत चढल्यावर मामाने निकाल दिला. "पिवळे चांगले आहेत. तो चोचवाला मात्र मातकट."

"मातकट? अहो, निळाशार होता तो!" मामी म्हणाली.

"मातकट. वर राखाडीचा हात मारलेला."

होडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "निळाच हो." एरवी मामाने त्याला संध्याकाळपर्यंत सोडला नसता. आता तो दोष द्यायला काहीतरी शोधत होता. माशांना रंग मारणारं तिथे कुणी नव्हतं. त्याने डोळ्यांवरची काच काढली, पुसली, उजेडात धरली.

"ही काच पिवळी आहे."

मामीने स्वतःची काढून दिली. तो ती लावून परत पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तुझीपण पिवळी आहे," तो म्हणाला.

होडीवाला उगाचच दोरी गुंडाळू लागला.

मामा मामीला म्हणाला, "अगं, परत चल माझ्याबरोबर. जिथे निळा असेल तिथे माझा हात दाब."

दोघं हात धरून उतरली. मी मागे होते, पण मासे बघायचे सोडून त्यांचे हात बघत राहिले. मामी दाबायची, सोडायची, परत दाबायची. खडकापाशी दोनदा, चोचवाल्यापाशी चांगलाच जोरात. मग समोरून बोटाएवढ्या माशांचा थवा आला, निळाच निळा, संपता संपेना. मामीने हात दाबला तो सोडलाच नाही.

वर आल्यावर मामा होडीची कड धरून धापा टाकत होता.

"एवढा आहे?"

"एवढा आहे."

"खाली सगळीकडे?"

"अहो," मामी म्हणाली, "वरतीपण आहे."

मामाने मान वर केली. बराच वेळ तो आभाळाकडे बघत राहिला. मग पाण्यातूनच मला म्हणाला, "घरी गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे."