पहारेकऱ्याचं गाव

लग्नाला चार महिने झाले तरी वहिनी आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरायची. माहेर मैंदर्गीचं, घरचं बोलणं कानडी. मराठी चुकेल, लोक हसतील म्हणून तोंडच उघडायची नाही. पहिल्या पंचमीला माहेरी गेलेली सून मनानं परत येते की नाही, याची आईनं धास्तीच घेतलेली. वहिनी जायच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "तुझ्या त्या खेळात तरी घे की तिला."

आमचा मित्रांचा खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. पण नवं माणूस आलं की आम्ही त्याच्यापुढं भलेमोठे इंग्रजी तक्ते भरायला टाकायचो, आणि ते पुन्हा फिरकायचं नाही. वहिनीही तक्ता बघून उठली. "भाकऱ्या टाकायच्यात, भावजी."

माझं डोकंच सणकलं. तिच्यावर नव्हे, त्या तक्त्यावर. दिला भिरकावून. "काही भरू नका. तुम्ही कोण, तेवढं सांगा."

वहिनी परत खाली टेकली. मग हळूच, "बांगड्या विकणारी."

मित्र खिदळले. "गप बसा रे!" मी ओरडलो.

गोष्टीत सगळे किल्ल्याच्या दाराशी आले. पहारेकरी, म्हणजे मीच, भाला आडवा धरून उभा. इथं आजवर प्रत्येकानं तलवार उपसलेली. मी फासे वहिनीपुढं सरकवले. तिनं हातही लावला नाही. पदर सावरून कानडीत विचारलं, "याव ऊर्री निमदु?"

तुमचं गाव कुठलं? अरे देवा! पहारेकऱ्याला गाव असतं, हे माझ्या खेळाच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात कुठंच नव्हतं. "दुधनी," मी ठोकून दिलं.

"दुधनी? माझी मावशी तिथंच दिलीय की!"

मग गल्ली कोणती, घर कुणाच्या शेजारी, बायको कुठली. कधी कानडी, कधी मराठी, कुठं अडखळणं नाही. बघता बघता पहारेकरी तिच्या मावशीच्या जावेचा भाऊ निघाला. आता पाव्हण्याला दारात कोण अडवतं? मी मुकाट दार उघडलं. अंगावर काटा आला हो! इतकी वर्षं खेळतोय, ते दार असंही उघडतं हे कुणाला सुचलं नव्हतं. आणि ही बाई चार महिने आमच्याच घरात होती.

दुसऱ्या दिवशी तिला अक्कलकोटच्या एसटीत बसवलं. आई डोळे पुसत होती. गाडी हलली तशी वहिनीनं खिडकीतून डोकं काढून दटावलं, "भावजी, मी येईपर्यंत किल्ल्यात कुणी पाऊल टाकायचं न्हाय!"